पापणीच्या आतला रंग

पिटुकलीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "आत्ता." दुपारी साडेतीनला, शिलाई मशीनच्या पायाशी बसून. आत्यानं पाय थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो शब्द तिच्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतला. संध्याकाळी वहिनी छापखान्यातून घरी आली, तेव्हा तिनं चपला काढायच्या आतच आत्यानं दारात बातमी दिली.

"तुझी लेक आज बोलली. मला हाक मारली."

"अगबाई! काय म्हणाली?"

"आत्ता."

वहिनी हसली. "आत्या म्हणाली, की तिला काहीतरी आत्ताच्या आत्ता हवं होतं?"

चेष्टाच होती. दुसरी कुणी असती तर तीही हसली असती. आत्या मात्र तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरुरीपेक्षा जास्त जोरात घासत बसली. एवढी एक गोष्ट माझी होती, तिलाही हिनं नख लावलं, असं तिला वाटत राहिलं.

आत्याचं वय शेहेचाळीस. आईवडील गेले तेव्हा भाऊ अकरा वर्षांचा होता. पँटची चेन बदलून दे, शाळेचा गणवेश शिवून दे, उशीचे अभ्रे घालून दे, असं करत करत तिनं त्याला शिकवलं. तो आज मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. मधल्या काळात तिला एक स्थळ आलं होतं. भावाची शाळा संपू दे, मग बघू, असं ती म्हणाली आणि स्थळ काही थांबलं नाही. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही, आणि घरात कुणाला कधी विसरूही दिलं नाही.

मग भावानं लग्न केलं. मुलगी छापखान्याच्या बांधणी विभागात होती, पुस्तकांचे छापील कागद, म्हणजे फर्मे, दुमडून शिवायची. बारीक, कमी बोलणारी, बोटांना कायम खळ चिकटलेली. वयानं लहान असली तरी आत्या तिला वहिनी म्हणायची, कारण नातं ते नातं. वागणुकीत खोट काढायला जागा नव्हती, आणि आत्याला तेच खुपायचं. आधी भाऊ घरी आला की दिवसभरातलं सगळं मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तिला सांगायचा. कुठली लिफ्ट अडकली, आत कोण सापडलं, कोण रडलं. आता त्या गप्पा आतल्या खोलीत व्हायच्या, आणि बाहेर आत्याला फक्त हसण्याचा आवाज यायचा. हसण्यासारखं काय असतं लिफ्टमध्ये, असं म्हणून ती मशीनचं चाक जोरात फिरवायची.

पिटुकली जन्मली तीच मुळी सात आठवडे आधी. वहिनी गरोदरपणात पिवळी पडली होती, गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. बाळ दीड किलोचं, मूठभर. म्हणून पिटुकली. कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा वहिनीच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं, तेव्हा पोर पडली आत्याच्या मांडीवर. वहिनीचं दूध पुरेना. काही महिन्यांनी छापखान्यातून निरोप आला, येणार असाल तर या, नाहीतर दुसरी बाई बघतो. ती गेली. आणि सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत पिटुकली आत्याची झाली.

शेहेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी आपल्यासाठी रडावं, आपण खोलीबाहेर गेलो तर दाराकडे रांगत यावं, हे सुख काय असतं ते आत्याला ठाऊक नव्हतं. आता कळलं, आणि ते वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती.

वाटून घ्यायला लागू नये याचा उपायही तिला आपोआप सापडला. दूध. पोर कुरकुरली की बाटली, पडली की बाटली, झोपेला आली की बाटली. पुरा लिटर दूध एकटी पिटुकली संपवायची. शिवाय आत्याच्या चहात बुडवलेलं बिस्कीट, सकाळी एक, दुपारी दोन. पोरीला तो चहा फार आवडायचा. कप दिसला की दोन्ही हात पुढे.

वहिनी घरी यायची सहाला. हातपाय धुऊन, डाळभात कालवून, त्यात पालेभाजी कुस्करून ताटली घेऊन बसायची. पिटुकली तोंड घट्ट मिटायची, मान फिरवायची, घास थुंकून टाकायची, आणि मग हात पसरून आत्याकडे झेपावायची.

"राहू दे गं," आत्या चष्म्यावरून बघत म्हणायची. "नको असेल तिला. मी बघते."

तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. कारण पोरीला भूक नसण्याचं कारण तिला ठाऊक होतं. बरोबर सव्वापाचला, वहिनी यायच्या पाऊण तास आधी, ती पिटुकलीला काठोकाठ भरलेली बाटली द्यायची. मुद्दाम देतेस का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर नाही म्हटलं असतं. सव्वापाचला पोरीला भूक लागते, तिला काय करायचं?

पोर दिसायलाही गुबगुबीत होती. शेजारची पोस्टमनची बायको खांद्यावरून उसवलेला झगा घेऊन आली की पिटुकलीचा गाल ओढायची. "काय गोरी झाली हो! आईपेक्षा दोन पट गोरी!" यातलं "आईपेक्षा" आत्या फार दिवस जपून ठेवायची.

लसीकरणाच्या दवाखान्यातली सिस्टर एका बुधवारी आली ती पांढऱ्या गणवेशाची बाही आखूड करून घ्यायला. आत्या तिच्या दंडाला टेप लावत होती आणि सिस्टर खाली बघत होती. खाली पिटुकली बसली होती, पावणेदोन वर्षांची. ओठांना पांढरं काहीतरी लागलेलं.

"काय खातेय ती?"

"खडू असेल. कापडावर खुणा करायचा. मुलं काय, हाताला लागेल ते तोंडात घालतात."

"रोज खाते?"

आत्यानं टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. रोज खायची. गेल्या महिन्यात खडूची अख्खी डबी संपली होती, आणि आत्यानं एवढं काही शिवलं नव्हतं. "असेल एखादा तुकडा," ती म्हणाली.

सिस्टर खाली बसली. पोरीचा तळवा उलटा करून पाहिला. मग अंगठ्यानं तिची खालची पापणी हलकेच खाली ओढली. "इकडे या, बघा. हे आत लाल दिसायला हवं. हिचं कागदासारखं आहे."

"गोरी आहे ती."

"गोऱ्या माणसाचीही पापणी आतून लालच असते, बाई. हिच्या अंगात रक्त कमी आहे. माती, खडू खायची ओढ त्यातूनही लागते. झोपते फार?"

"शहाणी आहे. त्रास देत नाही."

"या वयाच्या पोरानं त्रास द्यायला हवा," सिस्टर उठत म्हणाली. "हिच्या आईला सांगा. या आठवड्यात रक्त तपासून घ्या. लांबवू नका."

आत्यानं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी शब्द तिच्या ओठापर्यंत आला होता. पण वहिनी दारातून आत आली, पोरीनं आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि शब्द परत गेला. सांगितलं तर काय होईल, हे आत्याला लख्ख दिसत होतं. वहिनी रजा टाकेल. पोरीला उचलून नेईल. डॉक्टरसमोरच्या खुर्चीत आई म्हणून ती बसेल आणि आत्या बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत. आणि डॉक्टर विचारणार, दिवसभर मूल कुणाकडे असतं? ही भीती त्या जळण्याच्या खाली कुठेतरी दडून बसली होती. आत्यानं तिकडे पाहिलं नाही. तिनं खडूची डबी कपाटावर ठेवली आणि काम झालं असं मानलं. दोन दिवसांनी पिटुकली भिंतीचा पोपडा चाटताना दिसली. आत्यानं तिचं तोंड पुसलं आणि बाटली भरली.

दहा दिवस गेले. शनिवारी वहिनीचा अर्धा दिवस असायचा. ती घरी होती, भाऊही होता, आणि दारात सिस्टर उभी राहिली.

"बाही झाली का? आणि रिपोर्ट काय आला पोरीचा?"

"कसला रिपोर्ट?" वहिनी म्हणाली.

सिस्टरनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं गणवेशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग सिस्टरनंच सगळं सांगितलं, पापणी, खडू, बुधवार. भावानं हातातला वर्तमानपत्राचा कागद खाली ठेवला.

"ताई, तू बोलली नाहीस?"

"विसरले," आत्या म्हणाली. चाळीस घरांची मापं जिला तोंडपाठ, ती विसरली.

वहिनीनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर आत्याला बरं वाटलं असतं, मग तिलाही ओरडता आलं असतं. वहिनीनं पोरीला उचललं, खिडकीपाशी नेलं, पापणी ओढून पाहिली. बराच वेळ पाहत राहिली. मग कपडे बदलून थेट रक्त तपासायला घेऊन गेली.

हिमोग्लोबिनचा आकडा आला सहा पूर्णांक आठ. अकराच्या वर हवा होता.

सोमवारी बालडॉक्टरांकडे तिघी गेल्या. तुम्ही नका येऊ असं कुणी म्हटलं नाही, म्हणून आत्या गेली. तिला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं नाही, आतच भिंतीकडेला स्टूल मिळालं. वहिनी खुर्चीत, पोर मांडीवर. डॉक्टर पोक्त वयाच्या होत्या, प्रश्न विचारताना कागदावरून नजर उचलायच्या नाहीत.

"दिवस भरायच्या आधी झाली?"

"सात आठवडे."

"तुमचं रक्त तेव्हा किती होतं?"

"आठ. गोळ्या उलटून पडायच्या."

"शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह साठवून घेतं. ते त्याला पहिले काही महिने पुरतं. ही लवकर आली, साठा अर्धवट राहिला. आणि तुमच्याकडेच कमी होतं."

आत्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. खोटं कशाला बोला, तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. बघा, सुरुवात कुणापासून झाली ते. मी नाही. हिच्याचकडून झाली.

"दवाखान्यातून सोडताना थेंब दिले असतील लोहाचे. किती दिवस दिले?"

वहिनीनं पोरीला मांडीवर सावरलं. आत्याचे कान तापले. थेंब दिले होते. दोन आठवडे वहिनीनं नेमानं पाजले. मग पोरीची शी काळी व्हायला लागली, तेव्हा घर डोक्यावर कुणी घेतलं होतं? "एवढ्याशा जीवाला कसलं विष घालतेस?" असं कोण म्हणालं होतं? वहिनीनं हळूच सांगून पाहिलं होतं की घरी सोडताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, शी काळी होते. आत्यानं ऐकलं नाही. बाटली कपाटामागे गेली ती गेलीच.

"पंधरा दिवस," वहिनी म्हणाली. "शी काळी झाली म्हणून मी घाबरले. मीच बंद केले."

"दूध किती पिते?"

"असेल... तीन वेळा."

"चहा?"

"कधीतरी. माझ्याच कपातला घोटभर."

आत्या ताडकन उठली. स्टूल मागे पडलं.

"हिच्या कपातला कसा असेल? ही चहा पीतच नाही!"

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"लग्न झाल्यापासून हिनं चहाला तोंड लावलेलं नाही," आत्या म्हणाली. "हिच्या कपात चहा येणार कुठून? माझ्या कपातला असतो. दिवसातून दोनदा, बिस्किटं बुडवून. आणि दूध तीन वेळा नाही, पाच वेळा. कधी सहा. लिटरभर. थेंबही मी बंद करायला लावले. सिस्टरनं सांगितलेलंही दहा दिवस मी दाबून ठेवलं. हिला काही ठाऊक नसतं, ही दिवसभर घरी नसते. हिला कशाला विचारता? मला विचारा."

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाईला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप पुढे झाला, सावकाश. त्या क्षणी आत्याच्या मनात जे उसळलं होतं ते तेच जुनं होतं. भाऊ हिचा, लेक हिची, आता माझ्या चुकाही हिच्याच का? हिनं दुसऱ्याचा दोष पदरात घ्यायचा आणि देवमाणूस ठरायचं, आणि मी स्टुलावर बसून ते बघायचं? एवढं मात्र तिला सोसवलं नाही.

डॉक्टरांनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. "बरं झालं बोललात. लिटरभर दूध पोटात असताना मी नुसतं औषध दिलं असतं तर महिन्यानं आकडा फारसा हलला नसता. दुधात लोह नसल्यासारखंच. वर त्यानं पोट भरतं, मग मूल जेवत नाही. खाल्लेल्यातलं लोहही अंगी लागू देत नाही. चहा तर त्याहून वाईट. आजपासून बाटली बंद. दूध कपानं, दिवसाला दोन छोटे कप, त्याहून जास्त नाही. चहा एक थेंब नाही. अंडं, डाळी, कडधान्यं, हिरव्या भाज्या, मांस खात असाल तर तेही. औषध उपाशीपोटी, वर लिंबाचं पाणी, दुधाबरोबर कधीच नाही. जंताचंही एक औषध लिहिलंय. शी काळी होईल. ती काळी झाली की खूश व्हा." मग पेनाचं टोपण लावता लावता वहिनीकडे पाहिलं. "आणि आई, तुमची पापणी दाखवा बघू."

दोघी पोरीला घेऊन परत आल्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वहिनी थांबली. दम लागला होता तिला, पोर कडेवर होती.

"तुम्ही कशाला बोललात, ताई? मी निभावून नेलं असतं."

"तेच तर. तू सगळंच निभावून नेतेस."

"तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी खोटं बोलले?" वहिनीचा आवाज आत्यानं असा कधी ऐकला नव्हता. "माझ्यासाठी बोलले. उद्या सकाळी साडेआठला पोर तुमच्याच हातात देऊन मला जायचंय. तुमच्याशी भांडून मी कुठे ठेवू तिला? सव्वापाचला तुम्ही बाटली देता, तेही मला माहीत आहे. तिच्या तोंडाला दुधाचा वास येतो. रोज सहा वाजता मी दार उघडते आणि ती तुमच्या खांद्यात तोंड लपवते. तुम्हाला काय वाटतं, मला काही होत नाही? अंगाची आग होते माझ्या. रोज. मग मी जाऊन हात धुते आणि डाळभात कालवते."

आपल्याविषयी कुणाला हेवा वाटत असेल, हे तिच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. तिनं हात पुढे केला आणि वहिनीच्या खांद्यावरची पिशवी घेतली. पोर मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्याचा वनवास सुरू झाला. औषध द्यायचं सकाळी, जेवणाच्या तासभर आधी, म्हणजे ते तिच्याच वाट्याला. सुई नसलेल्या पिचकारीत मापून ओढायचं, पोरीला मांडीत दाबून धरायचं आणि गालाच्या आत, मागच्या बाजूला सोडायचं. ते गंजक्या खिळ्याच्या चवीचं असावं. पिटुकली तोंडभर थुंकायची, लाथा मारायची. बाटलीसाठी पहिले चार दिवस तिनं जो आकांत केला त्यानं पोस्टमनची बायको दोनदा दार वाजवून गेली. बाटल्या घरात राहिल्या तर आपला हात तिकडे जाईल हे आत्या जाणून होती. तिनं त्या पाचही बाटल्या कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकल्या.

एकदा कापड बेतलं की आत्या सुताचाही फरक करायची नाही, आणि औषधही तिनं तसंच दिलं. एक दिवस चुकला नाही. चौथ्या दिवशी भाऊ जेवत असताना ती मोरीतून बाहेर येऊन आनंदानं म्हणाली, "काळीकुट्ट झाली रे आज!" भावानं ताट बाजूला सारलं.

पण बदल्यात मिळालं काय? पिटुकली तिला घाबरायला लागली. सकाळी आत्याच्या हातात पिचकारी दिसली की पलंगाखाली. आणि संध्याकाळी सहाला कडी वाजली की तीच पोर दाराकडे धावायची, कारण आता पोटात भूक असायची आणि दारात भात कालवून भरवणारी आई. उकडलेलं अंडं वहिनी बोटानं कुस्करायची, पोर चिमणीसारखा आ करायची. आत्या मशीनवर बसून चिंधीवर उगीच शिवण घालायची. कडू माझ्या हातचं, गोड तिच्या हातचं. तिच्या मनात यायचं, की बाटल्या टाकल्या नसत्या तर? आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती दोरा तोडायची.

तिसऱ्या आठवड्यात तिला राहवलं नाही. "वहिनी, रविवारी औषध तू पाज."

"का? चुकेल माझ्याकडून. तुमचा हात बसलाय."

"चुकू दे. एकदा तरी तुझ्या अंगावर थुंकू दे तिला. सगळं माझ्यावरच?"

वहिनीला हसू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला तिनं, जमलं नाही. रविवारी तिनं औषध पाजलं आणि पिटुकलीनं ते तिच्या नव्या कुडत्यावर पुढून थेट खालपर्यंत उडवलं. लोहाचा डाग, तो काही निघणारा नव्हता. आत्यानं तो कुडता उरलेला दिवसभर दोरीवर बघितला आणि तिला फार बरं वाटलं.

महिन्यानं आकडा आला नऊला थोडा कमी. तीन महिन्यांनी अकरा पूर्णांक दोन. औषध आणखी काही महिने द्यायचं होतं, साठा भरायला. पिटुकली आता शहाणी राहिली नव्हती. खुर्चीवर चढायची, बॉबिनचा दोरा खोलीभर ओढायची, चावायची. पोस्टमनची बायको म्हणाली, "रंग उतरला का हो पोरीचा?" आत्या म्हणाली, "उतरला नाही, चढला," आणि झग्याची उंची न विचारताच मापून टाकली.

वहिनीचाही आकडा आला होता, नऊ. तिच्या गोळ्या तिच्या पिशवीत तशाच राहायच्या, हे आत्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिनं ती पाकिटं आपल्या ताब्यात घेतली. "पोरीच्या वेळी उलटून पडायच्या, आता पडायच्या नाहीत. तोंड उघड." मायेनं म्हणाली असं नाही. डॉक्टर पुन्हा पापणी बघतील आणि पुन्हा हिचीच कणव येईल, ते तिला नको होतं.

मग छापखान्यात पाळ्या बदलल्या. सकाळी सातला जायचं, दीडला सुटका. वहिनीनं आत्याला विचारलं, ही पाळी घेऊ का?

घेतली तर दुपारी दोनपासून पोर तिची. आत्यापाशी उरेल ती सकाळ, तीही पिचकारीची. आत्यानं सुईत दोरा ओवायला घेतला. तो पाच वेळा चुकला.

"घे," ती म्हणाली. "विचारतेस काय?"

पहिल्या दिवशी वहिनी दोनला आली, जेवली, आणि पोरीला घेऊन आतल्या खोलीत पडली. आतून थोडा वेळ हसण्याचा आवाज आला, मग तोही बंद झाला. आत्यानं तीन गणवेश संपवले. असं सलग काम तिच्या हातून दोन वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याचा तिला जराही आनंद झाला नाही. उठून तिनं दारातून डोकावलं. दोघी गाढ झोपल्या होत्या. वहिनीचं तोंड उघडं, पोरीचा पाय तिच्या पोटावर. आत्या तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली आणि मग संध्याकाळसाठी डाळ भिजत घालायला गेली.

चारच्या सुमाराला पिटुकली एकटीच डोळे चोळत बाहेर आली. आईला ओलांडून आली असणार. आत्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भूक."

आत्याचा पाय थांबला. केळं समोर टोपलीत होतं, अंडं उकडायला दहा मिनिटं लागली असती. वहिनी झोपलेली. कुणाला कळलंही नसतं. तिनं पोरीला उचलून घेतलं, एकदा घट्ट धरलं, तिच्या मानेचा वास घेतला.

"वहिनी," तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ऊठ गं. लेकीला भूक लागलीय तुझ्या."

हाक मारली आणि लगेच तिला वाटलं, कशाला मारली. पण आतून पलंग वाजला होता, वहिनी उठली होती, आणि पोर आत्याच्या हातातून खाली उतरायला धडपडत होती.